धार आहे, तरी इंजिन तापतं: जुन्या आउटबोर्डमधली पाण्याची वाट

मार्चमधली सकाळ होती. गोव्यातल्या शापोरा नदीत चोपड्याच्या बाजूने होडी अगदी संथ नेत होतो, मागे गरी सोडलेली होती. भरती नुकती लागली होती. इंजिनाच्या मागच्या भोकातून पाण्याची धार पेन्सिलीएवढी जाड, एकसारखी पडत होती. काकांनी हे इंजिन माझ्या हवाली करताना एकच गोष्ट बजावली होती, धार पडतेय तोवर काळजी नाही. आणि तरीही नाकाला रंग जळल्याचा वास आला. इंजिन बंद केलं, कव्हर काढलं, बोटं नदीत बुडवून दोन थेंब हेडवर, म्हणजे सिलिंडरच्या झाकणावर, झटकले. तापलेल्या तव्यावर पाणी मारावं तसे थेंब चुर्रकन नाचले आणि उडून गेले. म्हणजे तिथला धातू शंभर अंशांच्या वर होता, आणि धार मात्र इंजिन बंद करेपर्यंत व्यवस्थित पडत होती.

आदल्या दोन वर्षांत इम्पेलर, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पंपातलं रबरी चक्र, मी दोनदा बदलला होता. तिसऱ्यांदा बदलायच्या बेतात होतो. शिवोलीला जुनी इंजिनं दुरुस्त करणाऱ्या एका मेकॅनिकने माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाब, ही धार इंजिनातल्या कुठल्या जागेवरून बाहेर काढलीय, ते बघितलंत का?"

मी बघितलं नव्हतं. त्या एका प्रश्नाने माझी शोधायची पद्धतच बदलली, म्हणून हे सविस्तर लिहितोय. होडीच्या मागच्या फळीला लटकणारी ही इंजिनं, आपल्याकडे ज्यांना सगळे ओबीएम म्हणतात, ती तापायला लागली की लोक एकतर इम्पेलर बदलतात किंवा थर्मोस्टॅट, म्हणजे गरम झाल्यावर पाणी सोडणारी झडप, काढून फेकून देतात. दोन्हींत पैसे जातात आणि बऱ्याचदा दोष जिथल्या तिथेच राहतो. पाणी ज्या वाटेने इंजिनात फिरतं त्याच वाटेने आपणही खालून वर गेलो, तर दोष बहुतेक वेळा स्वतःहून समोर येतो.

आधी हे पाणी लागतं कशाला ते बघू. जुन्या टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमधून निघणाऱ्या ऊर्जेपैकी रुपयातले बारा आणे तरी होडी ढकलणाऱ्या पंख्यापर्यंत पोचतच नाहीत. ते उष्णता बनून एक्झॉस्टमधून आणि सिलिंडरच्या भिंतींतून निघून जातात. मोटारीत रेडिएटर असतो, तेच ते पाणी फिरत राहतं. आउटबोर्डला रेडिएटर नाही. नदीचं किंवा समुद्राचं पाणी खालून ओढायचं, इंजिनाभोवती फिरवायचं आणि एक्झॉस्टबरोबर परत नदीत सोडायचं, असा सरळ व्यवहार. गार पाणी हवं तेवढं फुकट मिळतं हा त्याचा फायदा. पण त्या पाण्यात जे काही असतं, मीठ, रेती, चिऱ्याची तांबडी माती, प्लास्टिकची पिशवी, ते सगळं इंजिनाच्या पोटात जातं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. उन्हाळ्यात मांडवी, जुवारी आणि शापोऱ्यात हे खारेपण मुखापासून खूप आत चढतं, आणि पावसात त्याच नद्यांत मुखाजवळसुद्धा गढूळ गोडं पाणी येतं. आपल्या इंजिनाला दोन्ही सोसावं लागतं.

पाणी थांबलं की ॲल्युमिनियमचा पिस्टन फुगतो, त्याच्या आणि सिलिंडरच्या मधला तेलाचा पापुद्रा फाटतो, धातूवर धातू घासतो आणि इंजिन जाम होतं. सीझ झालेलं नवं इंजिन दुरुस्त होतं. पन्नास वर्षांच्या इंजिनाचा पिस्टन शोधत बसावं लागतं, म्हणून वेळेवर ओळखणं महत्त्वाचं.

आता वाट. पंख्याच्या थोडं वर, पायाच्या, म्हणजे इंजिनाच्या पाण्यात उतरणाऱ्या खांबाच्या, दोन्ही बाजूंना जाळी किंवा बारीक फटी असतात, तिथून पाणी आत शिरतं. त्याच्या वर, गिअरकेस (तळाची गिअरची पेटी) आणि पाय जिथे जोडले जातात तिथे पंप बसतो. या पंपाचा जीव म्हणजे इम्पेलर, पाकळ्या असलेलं रबराचं चक्र. ते इंजिनाच्या उभ्या शाफ्टवर एका छोट्या चावीने अडकवलेलं असतं आणि शाफ्टबरोबर फिरतं. पंपातून पाणी एका उभ्या नळीत जातं. जुन्या इंजिनांत ही नळी बहुधा तांब्याची असते आणि दोन्ही टोकांना रबरी बूच असतं. नळी पाणी वर ब्लॉकमध्ये, म्हणजे सिलिंडर असलेल्या मुख्य भागात, पोचवते. मग सिलिंडरभोवतीची पोकळी, तिला वॉटर जॅकेट म्हणतात, तिथून हेड, हेडमधून थर्मोस्टॅट, आणि शेवटी पायातून एक्झॉस्टबरोबर बाहेर. या वाटेवर कुठेतरी एक बारीक फाटा काढून तो मागच्या भोकाला जोडलेला असतो. आपण बघतो ती धार म्हणजे हा फाटा.

मेकॅनिकचा प्रश्न इथे लागू पडतो. हा फाटा कुठून काढलाय ते प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळं असतं. काही इंजिनांत तो थेट हेडच्या वरच्या टोकावरून निघतो, म्हणजे पाणी सगळीकडे फिरून आल्यावरच धार दिसते. माझ्या इंजिनात तो ब्लॉकच्या तळाशी होता. माझी धार एवढंच सांगत होती की पंप चालू आहे आणि पाणी ब्लॉकच्या उंबरठ्यापर्यंत आलंय. पुढच्या खोल्यांत पाणी जातंय की नाही, याबद्दल ती काहीच सांगत नव्हती. रबरी नळीवरून बोट फिरवत मागे जा आणि ती कुठे शिरते ते बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

साठच्या दशकातल्या आणि त्याआधीच्या बऱ्याच इंजिनांना अशी धार मुळात नसतेच. मंद चालत असताना पायाच्या मागच्या वरच्या भोकातून धुराबरोबर पाण्याचे शिंतोडे येतात, तीच खूण. असं इंजिन कोणी नव्याने घेतलं की "धार नाही, पंप गेला" म्हणून घाबरतो. आधी मॉडेल कुठलं ते पाहावं.

म्हणून धारेला एकटीला साक्षीदार मानू नका. दुसरा साक्षीदार ताप. त्यासाठी इन्फ्रारेड थर्मामीटर, लोक ज्याला गन म्हणतात, ती घेऊन ठेवावी. कोविडच्या काळात घराघरात आलेली कपाळावर धरायची गन इथे चालत नाही, ती अंगाच्या तापापुरतीच मोजते. मेकॅनिक वापरतात ती घ्या. चकचकीत धातूवर ती चुकीचा आकडा दाखवते, म्हणून रंग असलेल्या जागेवर किंवा काळ्या टेपच्या तुकड्यावर धरा. थर्मोस्टॅट असलेलं निरोगी इंजिन हेडवर साधारण ५५ ते ७० अंश सेल्सियस दाखवतं. ८० च्या वर गेलं तर शोध सुरू करा, १०० जवळ आलं तर बंद करा. गन नसेल तर हात. ५० अंशांवर हात काही क्षण ठेवता येतो, ६० ला लगेच मागे घ्यावासा वाटतो, आणि थेंब चुरचुरला तर विषय संपला. फक्त इंजिन चालू असताना माथ्यावर फिरणाऱ्या चाकाजवळ, म्हणजे फ्लायव्हीलजवळ, हात किंवा बाही नेऊ नका.

धार आणि ताप दोन्ही हाताशी असले की अर्धं निदान होतं. धार बारीक किंवा बंद, पण हेड गार असेल तर बहुतेक तो फाटाच चोक झालाय. आपल्याकडे यामागे एक ठरलेला गुन्हेगार असतो. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत इंजिन पडवीत टांगून ठेवलं की कुंभारीण माशी त्या भोकात मातीचं घर करते. ऑगस्टमध्ये इंजिन चालू केलं की धार नाही आणि घरात गोंधळ. ब्रेकची बारीक तार किंवा नायलॉनची दोरी बाहेरून आत सरकवा, कडक लागलं तर नळी काढून फुंकर मारा. लोखंडी सळी जोरात खुपसू नका, आतला जोड फाटतो.

धारही नाही आणि तापही आहे, तर दोष खाली. जाळी, पंप किंवा उभी नळी. धार जोरदार आणि तरी ताप, तर दोष वर. थर्मोस्टॅट, हेड, वॉटर जॅकेट. संथ चालवताना तापतं आणि जोरात पळवल्यावर उतरतं, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकल्याचा संशय घ्या, कारण बऱ्याच इंजिनांत दाब वाढला की उघडणारा एक झडपेचा आडमार्ग असतो आणि वेगात पाणी तिथून सुटतं. दमलेला इम्पेलरही संथपणीच आधी हात टेकतो. उलट संथपणी ठीक आणि रेस दिल्यावर तापतं, तर जाळी अर्धी बुजलेली, पंप कुठून तरी हवा ओढतोय, इंजिन फळीवर फार उंच बसवलंय, किंवा ती दाबाची झडप उघडत नाही.

पहिली तपासणी नेहमी जाळीची, कारण तिला पाना लागत नाही. प्लास्टिक, शेवाळ, जाळ्याचा धागा, आणि होडी पाण्यातच ठेवत असाल तर फटींवर वाढलेली कालवं. मासेमारी जोरात असते त्या दिवसांत काठाजवळ प्लास्टिकची पिशवी जाळीला चिकटणं रोजचंच. नदीत असताना तापलं तर आधी नांगर टाका, मग इंजिन बंद करा. ओहोटीला शापोऱ्याच्या मुखाकडे ओढ जबरदस्त असते, इंजिन बंद करून जाळी साफ करण्याच्या नादात होडी कुठल्या कुठे जाते. पाय वर उचला, जाळी साफ करा, आणि थांबा. तापलेल्या हेडवर नदीचं पाणी ओतायचा मोह आवरा. धातू एका बाजूने एकदम आकसला की हेड वाकतं किंवा चीर पडते. अर्धा तास थांबायची तयारी ठेवा. वल्ही होडीत असावीतच.

जाळी साफ आहे, तरी धार नाही. मग पंप.

इम्पेलरची रचना मला फार आवडते, इतकी ती साधी आहे. पंपाचं घर गोल असतं, पण इम्पेलर त्यात मध्यभागी बसत नाही, एका बाजूला सरकलेला असतो. एका बाजूला पाकळ्यांना जागा मिळते, त्या सरळ होतात आणि दोन पाकळ्यांमधली पोकळी मोठी होते, पाणी ओढलं जातं. फिरत दुसऱ्या बाजूला आल्या की त्या मुडपतात, पोकळी लहान होते, पाणी दाबून बाहेर ढकललं जातं. हे झालं मंद गतीचं. वेग वाढला की पाण्याच्या दाबाने पाकळ्या भिंतीपासून आत वळतात आणि नुसत्या फिरण्याच्या जोरावर पाणी बाहेर फेकलं जातं. म्हणून झिजलेल्या पाकळ्यांचा इम्पेलर जोरात कसाबसा निभावून नेतो आणि संथपणी उघडा पडतो.

रबराला वंगण म्हणून पाणीच असतं. कोरड्यात इंजिन सुरू केलं की काही सेकंदांत पाकळ्यांची टोकं भाजतात. "जरा स्टार्ट होतं का बघू" म्हणून अंगणात दोरी ओढायची सवय असेल तर ती सोडा. पाण्याच्या पिंपात पाय बुडवा, पातळी पंख्यावरच्या आडव्या पट्टीच्या चार-पाच बोटं वर हवी, आणि मगच चालू करा. पिंपात गिअर टाकू नका.

पंप उघडायला गिअरकेस खाली काढावी लागते. आधी प्लगच्या वायरी काढून ठेवा, हे विसरू नका, कारण शाफ्ट हाताने फिरवताना इंजिन सुरू होऊ शकतं. बोल्ट सोडण्याआधी गिअरच्या दांडीचा जोड कुठे आहे ते शोधा. काही मॉडेल्समध्ये तो पायाच्या बाजूच्या छोट्या झाकणामागे असतो, काहींत वर इंजिनाखाली. तो न सोडता गिअरकेस ओढली तर दांडी वाकते.

इम्पेलर हातात आला की नुसत्या पाकळ्या मोजून समाधान मानू नका. मधली पितळी गाभ्याची बांगडी धरा आणि रबर पिळा. गाभ्यापासून रबर सुटलेलं असेल तर शाफ्ट फिरतो आणि रबर जागच्या जागी राहतं. दिसायला इम्पेलर अगदी धडधाकट, आणि पाणी शून्य. पाकळ्या एकाच दिशेला मुडपून तशाच राहिल्या असतील, रबर नखाने दाबल्यावर दगडासारखं लागत असेल, तर बदला. जुन्या इंजिनाच्या मालकांना इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. कुणाच्या दुकानात तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा, अजून पाकिटात असलेला "ओरिजिनल" इम्पेलर मिळाला की आनंद होतो. तो घेऊ नका. रबर पाकिटातही म्हातारं होतं.

नवे मिळतात, अगदी बंद पडलेल्या कंपनीच्या इंजिनांचेसुद्धा. ओल एव्हिनरूडने १९०९ मध्ये आपलं आउटबोर्ड बाजारात आणलं. पुढे एव्हिनरूड आणि जॉन्सन ही दोन्ही नावं आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशनच्या छत्राखाली होती. ती कंपनी २००० च्या शेवटी दिवाळखोरीत गेली आणि एव्हिनरूडचं उत्पादन २०२० मध्ये कायमचं थांबलं. पण एकच इम्पेलर अनेक वर्षांच्या मॉडेल्सना चालतो, त्यामुळे सिएरासारख्या कंपन्यांचे पंपाचे संच अजून मिळतात. यामाहा आणि सुझुकीच्या जुन्या टू-स्ट्रोकसाठी तर शोधावंही फारसं लागत नाही. घेताना पूर्ण संच घ्या. इम्पेलर, चावी, गॅस्केट (जोड गळू नये म्हणून मधे घालायचा पातळ थर), खालची पत्र्याची पट्टी आणि घरातली वाटी.

पट्टी आणि वाटीबद्दल आग्रहाने सांगतो, कारण आपल्याकडे इथेच काटकसर होते. आपल्या नद्यांच्या मुखाशी रेतीचे बांध आहेत, ओहोटीला त्यावरून जाताना पंखा रेती उडवतो आणि पंप ती पितो. वाटीच्या आतून नख फिरवा. नखाला चर लागला तर नवा इम्पेलरही तिथून पाणी परत सोडतो आणि हवा ओढतो. माझ्या पहिल्या वेळच्या दुरुस्तीत मी पट्टी तशीच ठेवली होती. त्यावर ग्रामोफोनच्या तबकडीसारखे चर होते.

बसवताना पाकळ्यांना साबणाचं पाणी लावा, ग्रीस नको. घर खाली दाबताना शाफ्ट वरून बघून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवत राहा, म्हणजे पाकळ्या योग्य बाजूला मुडपतात. बहुतेक आउटबोर्डचा शाफ्ट याच दिशेने फिरतो. नंतर कधीही हाताने उलटा फिरवू नका.

जुन्या इम्पेलरची एखादी पाकळी तुटलेली दिसली, तर काम वाढलं असं समजा. तो तुकडा कुठेतरी गेलाय, आणि वाट एकच आहे, वर. तो सापडल्याशिवाय इंजिन परत जोडू नका. माझ्या इंजिनातली खरी भानगड हीच होती. चार वर्षांपूर्वी तुटलेल्या पाकळीचा तुकडा मी शोधलाच नव्हता.

गिअरकेस परत चढवताना उभ्या नळीचं टोक रबरी बुचात नीट शिरलं पाहिजे. हे काम जवळजवळ आंधळं असतं. नळी बुचाच्या बाजूला लागली तर पंप पाणी पायाच्या पोकळीत फवारत बसतो आणि वर थेंब पोचत नाही. टॉर्च धरून कोणाला तरी खालून बघायला लावा. आणि गिअरकेस खाली आहे तोवर एक फुकटची चाचणी करून घ्या. थर्मोस्टॅट काढा, बागेचा पाइप त्या उभ्या नळीच्या तोंडाला कापड गुंडाळून धरा आणि नळ सोडा. पाणी वर जाऊन थर्मोस्टॅटच्या घरातून मोकळं वाहिलं पाहिजे. वाहिलं तर वरची वाट मोकळी. ठिबकलं तर पंपावर आणखी पैसे घालू नका, अडथळा वर आहे. ही चाचणी मी दोन वर्षं आधी केली असती तर दोन इम्पेलर वाचले असते.

आता वरचं. थर्मोस्टॅट म्हणजे मेणाच्या प्रसरणावर चालणारी छोटी झडप. इंजिन गार असताना ती पाणी आत थोपवून धरते, गरम झाल्यावर सोडते. जॉन्सन-एव्हिनरूडच्या बऱ्याच इंजिनांत ती ६० अंशांच्या किंचित वर उघडते, काही जपानी इंजिनांत ५० च्या आसपास. तपासायला स्वयंपाकघर पुरेसं आहे. टोपात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याने असा टांगा की तळाला लागणार नाही, शेजारी थर्मामीटर, आणि मंद आच. आकड्याच्या आसपास झडप हलायला लागली पाहिजे आणि थोड्या वेळात पूर्ण उघडली पाहिजे. उकळी आली तरी ढिम्म, तर ती गेली.

आपल्याकडे अनेकजण थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. "आपलं पाणी गरम, त्याची गरज काय?" पाणी गरम हे खरं, पण मला हे पटत नाही. फार गार चालणाऱ्या इंजिनात इंधन नीट जळत नाही, प्लग काळे होतात, कार्बन साठतो. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅटचा अडथळाच पाण्याला वरच्या सिलिंडरपर्यंत चढायला लावतो. तो काढला की पाणी सोप्या वाटेने सुटतं आणि वरचा सिलिंडर कोरडा पडतो. नवा थर्मोस्टॅट पिस्टनपेक्षा स्वस्त आहे.

उघडायचा आकडा इतका कमी का, हा प्रश्न मोटारीच्या मेकॅनिकला पडतो. मोटारीत तो ८० च्या वर असतो. उत्तर शापोऱ्याच्या काठावरच आहे, आगरवाड्याच्या मिठागरांत. तिथे खारं पाणी उथळ कप्प्यांत कोंडून उन्हाने आटवतात. पाणी दाट होत जातं तसे आधी कॅल्शियमचे क्षार खाली बसतात, मीठ त्यानंतर धरतं. वॉटर जॅकेटमध्ये असंच घडतं, फक्त ऊन आतून लागतं. कॅल्शियमचे क्षार साखरेच्या उलट वागतात, पाणी जितकं गरम तितके ते कमी विरघळतात आणि तापलेल्या धातूवर पुटं धरतात. गीझरच्या कॉइलवर धरतं तेच पुट. इंजिन गार ठेवलं की पुट हळू धरतं, म्हणून आकडा कमी. आणि एकदा पुट जाड झालं की ते उष्णतेला अडवतं, धातू अजून तापतो, पुट अजून वेगाने वाढतं. दर वेळी खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याच्या पिंपात दहा मिनिटं इंजिन चालवण्याचं कारण हेच. त्यातही थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवा, नाहीतर हेडमधलं खारं पाणी तिथेच राहतं आणि सुकतं.

माझ्या इंजिनाचं थर्मोस्टॅटचं झाकण उघडलं तेव्हा आत पांढरट-करडा, ओल्या चुन्यासारखा लगदा होता. त्यात रुतलेला काळा तुकडा चिमट्याने ओढला. करंगळीच्या नखाएवढी रबरी पाकळी, झडपेच्या तोंडात आडवी. तिच्यामागे क्षार साचत साचत भिंत झाली होती. थर्मोस्टॅटही त्यातच घट्ट बसलेला. मेकॅनिकने तो तुकडा माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाला, "घ्या बाब, हे तुमचं दुखणं."

मग हेडही उघडावं लागलं, आणि इथे सावकाशपणा हवा. ॲल्युमिनियममध्ये स्टीलचे बोल्ट आणि वर मीठ, दोन धातूंमध्ये बॅटरीसारखी क्रिया होऊन बोल्ट चिकटतात. जोर लावला की डोकं तुटून हातात येतं. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, बोल्टच्या डोक्यावर हातोडीने हलके टोले द्या, आधी किंचित घट्ट करून मग सोडा. अडलाच तर आजूबाजूचं ॲल्युमिनियम हीट गनने तापवा. आमच्याकडे आठ बोल्टांना दोन संध्याकाळी लागल्या आणि एकही तुटला नाही.

आतलं पुट लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भाग बुडवून ठेवले की कार्बोनेटचं पुट बुडबुडे काढत सुटतं. काही पुट व्हिनेगरला दाद देत नाही, ते खरवडूनच काढावं लागतं. फरशी धुण्याचं ॲसिड मात्र अजिबात वापरू नका, ते पुटाबरोबर ॲल्युमिनियमही खातं. पोकळीच्या खालच्या कोपऱ्यांत तांबडी माती दडून बसते, तिला तारेने उकरून पाण्याने धुवा.

हेड गॅस्केट दर वेळी नवं. जुनं नीट बघा. सिलिंडर आणि पाण्याची पोकळी यांच्या मधल्या पातळ कडेवर ते जळालेलं असेल तर गरम वायू पाण्यात घुसत होता, आणि मग पंप कितीही चांगला असला तरी ताप उतरत नाही. अशा वेळी एका प्लगचं टोक संशयास्पद स्वच्छ, वाफेने धुतल्यासारखं दिसतं. दोन सिलिंडरच्या कॉम्प्रेशनमध्ये, म्हणजे आतल्या दाबात, दहा टक्क्यांहून जास्त फरक आला तरी हाच संशय. हेड जाड काचेवर पॉलिश पेपर पसरून फिरवा. सगळीकडे सारखी चमक आली तर ते सपाट आहे, मधेच काळा डाग उरला तर तिथे वाकलंय. बसवताना बोल्ट मधून बाहेर, दोन-तीन टप्प्यांत, पुस्तकात दिलेल्या टॉर्कने, म्हणजे तेवढ्याच जोराने आवळून.

एक सूचना राहिली. पाण्याची वाट स्वच्छ असूनही इंजिन दमत असेल तर इंधनाकडे बघा. जुन्या काही इंजिनांना पेट्रोल-तेलाचं प्रमाण २४ ला १ लागतं, नंतरच्यांना ५० ला १. शेजाऱ्याच्या कॅनमधलं मिश्रण तुमच्या इंजिनाला पुरेल असं नाही. कार्बोरेटर अर्धा चोक झाला की मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन आतून तापतो, हेडवरची गन मात्र शांत आकडा दाखवते.

सगळं बसवून पुन्हा त्याच जागी, चोपड्याला, त्याच संथ गतीने होडी नेली. पाच मिनिटांनी हेडच्या वरच्या टोकाला ६१, खालच्याला ५८. पुलाखालून जोरात पळवून आणली, ६४. धार पूर्वीएवढीच जाड होती. घरी आल्यावर पिंपात इंजिन चालवलं, थर्मोस्टॅट उघडल्याचा आकडा आला तेव्हा बंद केलं आणि पाय उभा ठेवून पाणी निथळू दिलं. कव्हरच्या आतल्या बाजूला आता मार्करने तीन ओळी आहेत, इम्पेलर बदलल्याची तारीख, थर्मोस्टॅटची तारीख, आणि त्या दिवशीचे ते तीन आकडे.